टॉवेलाखालचा आकडा

"पस्तीस लई होत्यात. पंचवीसला बसू."

हे मी बैलबाजारात नाही ऐकलेलं. सोलापुरात, कॅन्सरच्या दवाखान्यात, रेडिएशनच्या डॉक्टर मॅडमच्या केबिनबाहेर बसून ऐकलंय, आणि बोलणारा माणूस गंमत अजिबात करत नव्हता. मॅडमनी नुकतंच त्यांना समजावलं होतं की सोमवार ते शुक्रवार रोज यायचं, रोज थोडा थोडा डोस, असे पस्तीस डोस, शनिवार-रविवार सुट्टी. दार उघडंच होतं. आत पांढरी पैरण, धोतर, लाल पटका आणि खांद्यावर टॉवेल असा एक उंच म्हातारा खुर्चीच्या अगदी कडेवर बसला होता, म्हणजे सौदा फिसकटला तर लगेच उठता यावं असा.

"आजोबा, हे कमी-जास्त होत नसतं," मॅडम म्हणाल्या.

"व्हतंय की. तुमी तीस म्हणा, मी न्हाय म्हणत न्हाय."

"पस्तीस."

"बरं, तुमचं बी न्हाय, माजं बी न्हाय. बत्तीस."

मॅडम हसल्या, पण आकडा हलला नाही. म्हातारा बाहेर आला आणि सरळ माझ्या आईसमोर उभा राहिला. "ताई, तुमाला किती सांगितल्यात?"

आईचं छातीचं ऑपरेशन होऊन गेलं होतं. तिला पंचवीस सांगितले होते. ती तसं म्हणाली मात्र, म्हातारा मागं वळून बायकोला म्हणाला, "बग. हिकडं पंचवीसला देत्यात."

हे बिरू नाना. नातेपुत्याजवळच्या एका वाडीचे. घरची मेंढरं, पण मेंढरांमागं भाऊ गेले आणि नाना गेले बैलांच्या बाजारात. खिल्लार बैलांचे दलाल. विकणारा एकीकडं, घेणारा एकीकडं आणि मधे नाना. जिभेच्या अगदी मुळाशी, घशाकडं कॅन्सर, आणि जबड्याखाली मानेवर लिंबाएवढी गाठ. गावाकडून रोज जाणं-येणं जमणार नाही म्हणून दवाखान्याजवळ एक खोली घेऊन दोघं राहत होते, नाना आणि बायाक्का. बायाक्का म्हणजे त्यांची बायको. ती कायम त्यांच्या दोन पावलं मागं, हातात फायलींची पिशवी, आणि तोंडातल्या तोंडात त्यांच्यावर काहीतरी टिप्पणी चालू.

आमची वेळ नानांच्या वेळेला लागून होती. मला कॉलेजला सुट्टी, मी आईला रोज गाडीवर मागं बसवून सात रस्ता चौकावरून आणायचे. बाहेर एप्रिलचं सोलापूर, आणि रेडिएशनचा विभाग तळघरात, एसी असा की शाल लागायची. तिथं बाकावर बसून बसून मी नाना बघितले. म्हणजे सगळं नाही हां, त्यांचं लग्न कधी झालं, मुलं किती, हे मला आजही धड माहीत नाही. पण माणूस माहीत आहे.

पहिली सवय, चाल बघायची. कुणीही पेशंट लिफ्टमधून बाहेर आला की नाना त्याला पायापासून वर बघत जायचे. "मागनं उजव्या अंगाला कमी हाय," हळूच म्हणायचे, आणि तो माणूस खरंच जरा झुकून चालत असायचा. मशीनवर काम करणारा इरफान, त्याला म्हणाले, "गडी चपळ हाय, पर खांद्यात बारीक." मला म्हणाले, "पोरी, तुज्या चालीला लई गडबड हाय. असलं जनावर वळणाला लौकर येत न्हाय."

"आनी तुमचं काय?" बायाक्का मागून. "तुमाला कुनी वळणाला आनलं?"

"मला कोन घेनार? दात कुटं हायत मला."

दात खरंच नव्हते. तोंडाच्या भागाला रेडिएशन द्यायचं असलं की आधी दातांची तपासणी करतात, किडलेले, हलणारे दात काढून जखम भरू देतात, कारण नंतर काढले तर जबड्याचं हाड बरं व्हायला फार त्रास होतो. नानांचे जवळजवळ सगळेच गेले. आयुष्यभर बैलाचा ओठ वर करून वय सांगणारा माणूस. तो बोळकं दाखवून म्हणायचा, "आता माजं वय कुनालाच कळायचं न्हाय."

आई पहिल्या दिवशी फार घाबरली होती. आमच्याकडं सगळ्यांनी तिला काय काय सांगून ठेवलेलं, शॉक बसतो, आतून भाजतं, घरी आल्यावर लहान मुलांना जवळ घ्यायचं नाही. मॅडमनी समजावलं होतं की असलं काही नसतं, किरण शरीरात राहत नाहीत, कुणालाही जवळ घ्या. पण डॉक्टरांचं ऐकून भीती जात नाही ना. तिनं नानांनाच विचारलं, कारण त्यांचे दोन दिवस झाले होते.

"काय न्हाय ताई," नाना म्हणाले. "फळीवर उतानं निजायचं. यंत्र भवतीनं फिरतंय, घूं करतंय, गप व्हतंय. माशी बसल्यागत सुदिक वाटत न्हाय. हातभर जाड दार लावून समदी भाईर जात्यात, ती टीव्हीत बगत्यात आपल्याला. हाक मारली की ऐकू जातंय त्यास्नी." मग जरा थांबून, "फकस्त आत आपुन येकलंच असतंय बगा."

आईच्या छातीवर खुणा केल्या होत्या, शाईच्या, त्या पुसायच्या नाहीत, साबण घासायचा नाही, सुती कपडे घालायचे. नानांच्या अंगावर खुणा नव्हत्या, त्यांना मुखवटा होता. जाळीदार प्लास्टिकचा पत्रा गरम पाण्यात मऊ करून तोंडावरून खांद्यापर्यंत ताणून बसवतात, थंड झाला की त्या माणसाच्या चेहऱ्याचाच होऊन जातो. मग रोज तो चढवून फळीला पक्का अडकवतात, म्हणजे एक केसभर हलायला नको. इरफान बसवताना म्हणायचा, "नाना, हिलना नक्को हां. गिळनाबी नक्को." नाना बाहेर येऊन चेहऱ्यावरच्या जाळीच्या खुणा चोळत म्हणायचे, "जल्मभर बैलास्नी मुसकी बांदली. फिट्टंफाट झाली."

पहिले दोन आठवडे असेच गेले, म्हणजे जवळजवळ मजेत. मी घरी येऊन रोज नानांचे किस्से सांगायचे. मला वाटायला लागलं होतं की रेडिएशन म्हणजे हे एवढंच.

तिसऱ्या आठवड्यात नानांची चव गेली. "माती खाल्ल्यावानी लागतंय." मग लाळ घट्ट झाली, तार निघायची तोंडातून, ते सारखे टॉवेलानं पुसायचे. तोंडात फोड. मानेची कातडी काळी पडून सोलायला लागली. बायाक्कानं त्यावर बिरोबाचा भंडारा लावला, मुखवट्याला आतून पिवळं लागलेलं इरफानला दिसलं. त्यानं बिचाऱ्यानं फार सांभाळून सांगितलं, "अक्का, देवाचं है मालूम है मेरेकू, पर गळे को नक्को लगाव. हाताला लाव." मानेला मॅडमनी दिलेलंच मलम लावायचं होतं. बायाक्का तेव्हापासून भंडारा नानांच्या मनगटाला लावायला लागली.

आईचं तोवर एवढंच होतं की ती दमायची. जिना चढून आली की अर्धा तास पडून राहायची. तिची कातडी काळवंडली होती, पण ती जेवत होती. नाना जेवत नव्हते. आणि हळूहळू आवाज गेला. त्या माणसाचा आवाज, की जो तळघराच्या जिन्यावरून ऐकू यायचा, तो आता फक्त श्वासासारखा.

आता टॉवेलाचं सांगते. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत, निदान नानांच्या पिढीत तरी नाही. चारचौघात आकडा फुटायला नको म्हणून दलाल आणि गिऱ्हाईक हातात हात घेतात, वर टॉवेल टाकतात आणि आतल्या आत बोटं दाबून बोलतात. एक बोट म्हणजे एक, पूर्ण पंजा म्हणजे पाच, असं. बाहेरून बघणाऱ्याला फक्त दोन माणसं गप्प उभी दिसतात.

आठवड्याला डॉक्टरांची तपासणी असते. वजन करतात, तोंड बघतात, आणि दुखतंय किती ते एक ते दहात विचारतात. त्यावर गोळ्या ठरतात. त्या दिवशी मॅडम तळघरातच आल्या होत्या, बाकाशीच उभ्या राहून विचारलं, "नाना, दुखणं किती? दहापैकी?" नानांना बोलता येईना. त्यांनी मॅडमचा हात घेतला आणि वर टॉवेल टाकला.

मॅडम गोंधळल्या. शिकाऊ डॉक्टर बघत राहिले. बायाक्का पुटपुटली, "आकडा देत्यात तुमाला." आणि मॅडमनी हात काढून घेतला नाही, हे मला त्यांचं फार आवडलं. त्या डोळे बारीक करून लक्ष देत राहिल्या आणि म्हणाल्या, "चार?"

नानांनी मान हलवली. चार.

मागं बायाक्का कपाळाला हात लावून उभी. मॅडम गेल्यावर ती माझ्या आईशेजारी येऊन बसली. "चार म्हनं. रातभर उशीत तोंड खुपसून कन्हतोय. पानी गिळाय लागलं तर डोळ्यातनं पानी येतंय. आन् चार."

"मग सांगायचं ना मॅडमना," आई म्हणाली.

"दलाल हाय ताई त्यो. खरा आकडा पयला सांगितला तर दलाल कसला?"

तेव्हा आम्ही हसलो होतो. नानाही हसले, बिनआवाजाचे. पण चाराला जेवढं औषध देतात तेवढंच त्यांना मिळत होतं. मॅडमनी नाकातून नळी घालून पातळ अन्न द्यायचं सुचवलं, त्यालाही नानांनी टॉवेलातूनच नकार दिला.

आणि मग मानेवरची गाठ गेली.

खरंच गेली. चौथा आठवडा संपत आला तेव्हा लिंबाची सुपारी झाली आणि मग हाताला काहीच लागेना. नाना प्रत्येकाचा हात धरून स्वतःच्या मानेला लावायचे. माझा लावला, आईचा लावला, इरफानचा, झाडू मारणाऱ्या मावशीचा. त्या सोललेल्या कातडीला हात लावायची मला भीती वाटत होती पण त्यांचे डोळे असे चमकत होते की नाही म्हणवेना. मॅडमनी बघितलं, बरं वाटलं त्यांनाही, पण म्हणाल्या, "दिसत नाही म्हणजे संपलं असं नाही नाना. मुळं आत असतात. पस्तीस पूर्ण करायचे. मधे खंड पडला तर राहिलेल्या पेशी पुन्हा जोर धरतात, मग आम्ही काही करू शकत नाही." नानांनी सगळं ऐकलं. मान डोलवली.

पाचव्या आठवड्यातल्या शुक्रवारचा डोस घेऊन ते दोघं गेले आणि सोमवारी आले नाहीत.

इरफाननं मुखवटा काढून ठेवला होता. तो दोनदा जिन्यापर्यंत जाऊन बघून आला. मॅडमनी फोन लावला, तिकडून कुणी उचलेना. मंगळवारी आईनं लावला तेव्हा बायाक्कानं उचलला आणि मागून बैलांच्या घुंगरांचा, माणसांचा, लाउडस्पीकरचा गोंगाट. ती ओरडून बोलत होती. त्यांच्या भागातल्या जत्रेचा बैलबाजार भरला होता. वर्षातला मोठा बाजार. नाना कुणाची तरी खोंडांची जोडी विकून द्यायला उभे होते. "गाठ गेली, आता काय ऱ्हायलंय म्हनत्यात. मी सांगून दमले ताई. माजं कोन ऐकतंय. समदी भावकी म्हनती, चांगला तर दिसतोय."

आईनं फोन ठेवला. तिचे दोनच डोस राहिले होते तेव्हा. दुसऱ्या दिवशी तिला फार थकवा होता, मी म्हणाले, आज नको जाऊया, एक दिवसानं काय होतंय. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी गाडीची किल्ली घेतली.

आईचे पंचवीस संपले. पुढच्या आठवड्यात तिची काखेतली कातडी दाखवायला आम्ही परत गेलो होतो. मी गेटजवळ गाडी लावत होते आणि एक पिकअप आत शिरली. बैल न्यायची पिकअप, मागं कडेला लाकडी फळ्या, खाली कडब्याचा चुरा. त्यावर घोंगडं टाकून नाना आडवे. डोळे आत गेलेले. बाजारात उभ्या उभ्या कोसळले होते. पाच-सहा दिवस पाणीसुद्धा धड पोटात नव्हतं, आणि वर ते ऊन. शेजारी बायाक्का बसली होती, पटका तिच्या मांडीत.

वॉर्डबॉय स्ट्रेचर आणायला धावला तोवर ती बोलतच होती, मोठ्यानं, सगळ्या गेटला ऐकू जाईल असं. मी तिला एवढ्या मोठ्यानं बोलताना पहिल्यांदा ऐकलं. "दुसऱ्याला बैल देताना काय सांगता तुमी? आट दीस औताला जुपून बग, मग हो म्हन. वरनं बगून घिऊ नगंस. सांगता का न्हाय? आन् सवताचं नुस्तं वरनं बगून मोकळं झालासा व्हय?"

नाना आभाळाकडं बघत होते.

त्यांना दाखल करून सलाइन लावलं. आई वर त्यांना बघायला गेली तेव्हा मीही गेले. मॅडम आल्या, रागावल्या नाहीत, खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, बुडलेले दिवस परत मिळत नाहीत, पण पुढचे डोस सुरू करू, मधल्या खंडासाठी थोडे वाढवावे लागतील. वजन एवढं उतरलंय की जुना मुखवटा सैल झालाय, नवा बनवायचा, नवं स्कॅन करायचं. मग नेहमीचं विचारलं. "दुखणं किती नाना?"

नानांचा हात टॉवेलाकडं गेला. त्याआधी बायाक्कानं टॉवेल उचलला. त्या घरातल्या बाईनं टॉवेलाखाली कधी हात घातला नसेल, तो पुरुषांचा व्यवहार. तिनं त्यांचा हात आपल्या हातात घेतला, वर टॉवेल टाकला आणि म्हणाली, "मला सांगा. मी गिऱ्हाईक न्हाय."

किती वेळ गेला काय माहीत. टॉवेल जरा हलला. मग परत हलला. बायाक्काचा चेहरा बदलत गेला, तिनं ओठ आत ओढून घेतले. मॅडमकडं वळून ती म्हणाली, "पुरा पंजा. दोनदा."

त्या दिवशी औषध बदललं. दुखण्यावरचं जोरकस औषध आधीच द्यायला हवं होतं, ते तेव्हा सुरू झालं. नाकातून नळी घातली, नाना काही म्हणाले नाहीत. नवा मुखवटा झाला. त्यांनी सगळे डोस पूर्ण केले, वाढवलेलेही. इरफाननं फोनवर सांगितलं, "नाना एकदम टाइम पे आते थे बाद में. मेरे पहले आ के बैठते थे."

त्यानंतर आई आणि बायाक्काचं फोनवर बोलणं चालू राहिलं. मान भरून आली. नळी निघाली. घोट घोट पेज जायला लागली. आवाज आला, खरखरीत, पण आला. रेडिएशनचं काम संपल्यावरही बरेच दिवस आत चालू असतं, सूज उतरायला वेळ लागतो, म्हणून खरा निकाल तीन महिन्यांनी स्कॅन करून बघतात. तो दिवस आणि आईच्या तपासणीचा दिवस दोघींनी फोनवर ठरवून एकच घेतला.

गणपती होऊन गेले होते. आम्ही वरच्या मजल्यावर बसलो होतो. नाना फार बारीक झाले होते, पैरण खांद्यावरून घसरत होती, पण चालत आले. मला म्हणाले, "गडबड तशीच हाय पोरी." मग आत गेले. दार या वेळी बंद होतं.

बराच वेळ बंद होतं.

बाहेर आले तेव्हा बायाक्का पुढं होती. ती येऊन आईशेजारी बसली आणि फाइल मांडीवर ठेवून तिच्यावर दोन्ही हात ठेवले. आईनं विचारलं नाही. नानांनीच सांगितलं. मानेवर काही नाही. जिभेच्या मुळाशी थोडं राहिलंय. आता तिथं परत किरण देता येत नाहीत, ऑपरेशन करावं लागेल, पुण्याला. जीभ बरीचशी जाईल. बोलणं आत्तासारखं राहणार नाही, गिळणंही. मॅडम म्हणाल्या होत्या, घरी जाऊन विचार करा, पण फार दिवस घेऊ नका.

"मग?" आई म्हणाली.

"घेतली तारीख. म्होरच्या सोमवारची."

"त्या खंडामुळं का?" हे आईनं विचारलं नाही, मी विचारलं नाही, पण ते तिथं बाकावर आमच्यासोबत बसलेलं होतं. बायाक्कानं विचारलं होतं म्हणे आत. मॅडम म्हणाल्या, सांगता येत नाही, खंड पडला नसता तरी राहिलं असतं कदाचित. बायाक्का हे सांगताना फाइलकडं बघत होती.

जेवायची वेळ झाली होती. आईनं डबा उघडला, भाकरी, मुगाची भाजी, आणि कोपऱ्यात शेंगाचटणी. नाना डब्याकडं बघत राहिले.

"ती जराशी द्या ताई."

"नाना, तिखट आहे," आई म्हणाली. "झोंबेल."

एप्रिलपासून त्यांच्या तोंडाला तिखट लागलेलं नव्हतं. बायाक्का डोळ्यात तेल घालून जपत होती, लग्नकार्यातलं ताट तपासायची, पोरांच्या हातातलं फरसाण काढून घ्यायची. आईनं तिच्याकडं बघितलं. बायाक्कानं डबा आपल्याकडं ओढला, झाकणावर चिमूटभर चटणी काढली आणि झाकण नानांच्या पुढं धरलं.

नानांनी बोटाच्या टोकावर घेतली. जिभेवर ठेवली आणि तोंड मिटून बसून राहिले. कपाळावर आठ्या, मान जराशी वाकडी, एखाद्याची चाल बघताना करायचे तशी. डोळ्यांत पाणी आलं, ते खाली आलं, त्यांनी पुसलं नाही.

"लागतंय?" बायाक्कानं विचारलं.

"लागतंय," नाना म्हणाले. "लसूण बी लागतंय."

तिनं झाकणावर अजून थोडी काढली.